उपरा कोण आणि धनी कोण?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका गावच्या ग्रामसभेत तळ्याच्या मासेमारीचा ठेका कोणास द्यावा ह्यावरून मोठी बोलाचाली झाली. एका बाजूस पिढ्यान् पिढ्या त्या तळ्यात जाळे टाकीत आलेले ढिवर. दुसऱ्या बाजूस शेजारच्या वसाहतीतील बंगाली शेतकरी. बंगाल्यांची बोली मोठी होती, ढिवरांची गाठ रिकामी होती. तेव्हा एक गृहस्थ उठून ओरडले, "बाहेरून आलेल्यांनी गाव खाल्ले, ह्यांना हाकला!" त्यावर वसाहतीतला एक तरुण म्हणाला, "आमचे आजोबा अंगावरच्या वस्त्रानिशी आले. तुम्ही तर आधीपासून इथेच होता. मग तुम्ही काय केले?" सभा मोडली. ठेका तसाच राहिला. पुढे पाऊस आला, तळे भरले, आणि बीज सोडण्याचा हंगाम दोघांचाही हुकला.

ही दोन वाक्ये त्या एका गावची नव्हेत. नागभीडपासून सिरोंच्यापर्यंत, राजुऱ्यापासून कोरचीपर्यंत, पानठेल्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात ती रोज ऐकू येतात. "बाहेरच्यांनी लुटले" हे एक, आणि "मुळचे आळशी, बाहेरचे मेहनती" हे दुसरे. आमचे म्हणणे असे की दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत, आणि अर्धे खरे हे पुऱ्या खोट्याहून अधिक नुकसान करते. ह्या भांडणात कुणब्याचा, तेल्याचा, ढिवराचा, गोंडाचा किंवा बंगाली शेतकऱ्याचा कोणाचाच फायदा होत नाही. फायदा होतो तो तिसऱ्याचा. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून पाहिला पाहिजे.

पहिला प्रश्न असा की मुळचा कोण? चांद्याची गादी गोंडांची. इ. स. १७५१ मध्ये ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली, आणि पुढे शंभर वर्षांनी, रघुजी तिसरे वारल्यावर, भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५७-५८ साली त्या इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणारा बाबुराव शेडमाके हा गोंड वीर २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फासावर गेला. तेव्हा ह्या भूमीवर पहिला हक्क सांगणारा कोण, ह्याविषयी शंका नको. गोंड, माडिया, कोलाम, परधान हे येथले पहिले रहिवासी. त्यांच्यापुढे बाकीचे आपण सारे मागाहून आलेले.

आपण सारे म्हणजे कोण, तेही सांगतो. धानाच्या प्रदेशात तलाव बांधणारे म्हणून ज्यांची ख्याती आहे ते कोहळी. चांद्याच्या गोंड राजाने काशीच्या यात्रेहून येताना त्यांना बरोबर आणले अशी त्यांचीच परंपरागत सांगी आहे. जो जंगल तोडून गाव वसवील त्यास गाव, आणि जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, अशी गोंड राजांची रीत होती असे जुनी माणसे सांगतात. आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांतील कित्येकांची पाळ अशा बाहेरून आलेल्या हातांनी घातलेली आहे. कुणब्यांत तिरळे, धनोजे, खैरे, झाडे असे भेद आहेत. त्यांपैकी झाडे ह्या नावातच झाडीचा मुलूख आहे, पण नांगर घेऊन ह्या झाडीत शिरलेला कुणबीही कधीतरी वरून, पठारावरूनच उतरला. प्राणहितेच्या व गोदावरीच्या पलीकडून तेलुगू बोलणारे आले. ज्या घराण्यांच्या आडनावाच्या शेवटी 'वार' आहे, त्यांतील बहुतेकांचे पूर्वज तिकडचे. आज ती घराणी आपल्याइतकीच मराठी झाली, आणि त्यांस उपरे म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ह्याचा अर्थ एवढाच की काल आलेला आज आलेल्यास उपरा म्हणतो, आणि आज आलेला उद्या येणाऱ्यास तेच म्हणेल.

आता आलेले सगळे एकाच मापाचे होते काय? नव्हते. आमच्या मते ह्या जिल्ह्यांत चार प्रकारचे लोक बाहेरून आले, आणि ह्या चारांची एकत्र खिचडी केली की हिशेब चुकतो.

पहिला, कुदळ व नांगर घेऊन आलेला. त्याने रान मोडले, बांध्या पाडल्या, बोडी खणली. त्याने जमीन घेतली हे खरे, पण त्याने जमिनीत घामही घातला.

दुसरा, तराजू व खतावणी घेऊन आलेला. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारास गावाचा मालक ठरविले. जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली, त्याबरोबर कागद वाचता येणाऱ्याच्या हाती गाव गेले आणि अंगठा उठविणाऱ्याच्या हातून सुटले. सावकार, दारूचा ठेकेदार, लाकडाचा कंत्राटदार आणि वकिलीचा कारकून ही सारी ह्याच वर्गातली मंडळी. ही गोष्ट इतकी उघड झाली की १९१६ साली मध्यप्रांताच्या सरकारला आदिवासींच्या जमिनींचे हस्तांतर रोखण्याकरिता कायदा करावा लागला, आणि १९४४ साली ग्रिग्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्याच प्रश्नावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मालगुजारी १९५१ साली संपली. गेलेल्या जमिनी आदिवासींस परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली केला. कायदे झाले, परंतु खतावणी मिटली नाही; तिने फक्त जागा बदलली.

तिसरा, हाकलला जाऊन आलेला. पूर्व पाकिस्तानात १९६४ साली दंगली झाल्या, तेव्हा लक्षावधी हिंदू निर्वासित भारतात आले. त्यांतील पुष्कळांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवले, आणि तेथून काही कुटुंबे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चामोर्शी, मुलचेरा ह्या तालुक्यांत वसविली. हे लोक बहुतांशी नमशूद्र. आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच हे ठाऊक असेल की हे नमशूद्र म्हणजे आपलेच जातभाई आहेत, रक्ताने नव्हे पण नशिबाने. सरकारी जनगणनेत त्यांचे नाव पूर्वी चांडाळ असे लिहिले जाई; ते झगडून त्यांनी १९११ साली नमशूद्र असे करवून घेतले. त्यांच्यात हरिचंद ठाकूर व त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर हे मतुआ पंथाचे पुढारी झाले. पोटाला मिळाले नाही तरी चालेल, पण पोरास शाळेत घाला, असा गुरुचंदांच्या शिकवणीचा रोख होता. म्हणजे पुण्यास जोतीराव जे सांगत होते तेच बंगालच्या पाणथळ मुलखात हे सांगत होते. आणि १९४६ साली मुंबई इलाख्यातून वाट बंद झाली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, ते नमशूद्रांचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल ह्यांच्या खटपटीने. त्या घटनेचे फळ आपण खातो, आणि ज्यांनी बाबासाहेबांस मते दिली त्यांच्या नातवांस उपरे म्हणून हाकलू पाहतो!

चवथा, मजुरीच्या हाकेने आलेला. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी अशा खाणी वाढत गेल्या. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झाली. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने आले. ह्या कामांवर तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश व बिहारातून माणसे आली. त्याच वेळी मराठवाड्यातूनही माणसे आली, ती कारखान्यावर नव्हे तर माणिकगडच्या डोंगरावर, जिवतीकडे. दुष्काळाने गाव सोडलेले बंजारा, दलित व इतर गोरगरीब तेथे रान फोडून राहिले, आणि त्या डोंगरावरचा कोलाम आणखी वर, आणखी आत सरकला.

आता तुलना करू. कोणी म्हणतो, "पाहा, वसाहतीतला बंगाली तिबार भाजी काढतो, मत्स्यबीज सोडतो, त्याची मुले नर्सिंग शिकतात; आणि शेजारच्या टोल्यावरचा गोंड अजून मोहाच्या झाडाखालीच आहे." दिसायला हे खरे दिसते. पण बंगाल्यास सरकारने कुटुंबागणिक जमीन मोजून दिली, रस्ता दिला, वस्ती आखून दिली. गोंडाच्या ताब्यातली जमीन मात्र वन खात्याच्या दप्तरी अतिक्रमण म्हणून लिहिली गेली, आणि त्याच्या बापजाद्यांनी राखलेल्या रानात त्याला चोर ठरविले. एकाच्या हाती पट्टा आणि दुसऱ्याच्या हाती दंडाची पावती. मग दहा हंगामांनी दोघांच्या घरात काय दिसेल हे सांगायला ज्योतिषी नको.

हे आम्ही नुसत्या तर्काने बोलत नाही. पट्टा मिळाला म्हणजे मुळचा काय करतो त्याचेही उदाहरण ह्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. वनहक्क कायदा २००६ साली झाला, आणि २००९ साली ह्या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या स्वतःच्या हाती आला. त्यानंतर त्या ग्रामसभेने आपला बांबू आपण तोडला, आपण विकला, आणि पैसा आपल्या खात्यात ठेवला. पुढे गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभा त्या वाटेने गेल्या, आणि अनेकांनी तेंदूपत्ताही स्वतः लिलावात काढला. कालपर्यंत ज्यांस आळशी म्हणत होते तेच हे लोक. त्यांचे रक्त बदलले नव्हते, कागद बदलला होता.

तीच कसोटी बाहेरच्यांस लावून पाहा. कोळसा खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर खाणीत कायम झालेल्या परप्रांतीय मजुरास बांधलेला पगार, घर, दवाखाना मिळाला. त्याची मुले इंजिनिअर झाली. पण त्याच्याच गावाहून, त्याच्याच जातीचा मजूर आज कंत्राटदाराकडे त्याच खाणीवर येतो, आणि पत्र्याच्या खोलीत दहा जणांत राहून कर्ज घेऊन परत जातो. दोघेही उपरे आहेत. एक वर चढला आणि एक चढला नाही, ह्याचे कारण एकास कायद्याचे व संघटनेचे पाठबळ होते, दुसऱ्यास नाही. आणि जिवतीकडील मराठवाड्याचे लोक पाहा. तेही बाहेरूनच आले, तेही बंगाल्यांइतकेच राबले. पण त्यांस जमिनीचे कागद दशकानुदशके मिळाले नाहीत, म्हणून बँक त्यांस कर्ज देईना आणि सावकार सोडीना. मेहनतीनेच जर माणूस वर जात असता, तर जिवतीचा डोंगर आज सोन्याचा झाला असता.

अमेरिकेत ह्याच प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला आहे. रान अब्रामित्स्की व लिआ बूस्टन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील जनगणनेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी जुळवून २०२२ साली पुस्तक लिहिले. गरीब परदेशी आईबापांची मुले तितक्याच गरीब देशी आईबापांच्या मुलांपेक्षा वर चढतात, असे त्यांस आढळले. त्याचे एक मोठे कारण त्यांनी असे दिले की बाहेरून येणारा काम असेल तेथे जाऊन राहतो, पण मुळचा माणूस आपल्या गावास, नात्यास, शेतास बांधलेला असतो. हे आपल्याकडेही खरे आहे. जो उखडला गेला त्यास मागे काही उरत नाही, म्हणून तो पुढे पाहतो. शिवाय लांबचा पल्ला मारण्यास जो निघतो तो बहुधा धट्टाकट्टाच असतो. घरी म्हातारे व दुबळे राहतात. तेव्हा निवडून आलेल्या चाराची सबंध गावाशी तुलना करणे हाच मुळी खोटा तराजू आहे. आणि त्या पुस्तकात ज्यांस देशी म्हटले तेही बहुतेक आधीच्या परदेशीयांचेच नातू. त्या खंडाचे खरे मुळचे लोक कित्येक पिढ्या राखीव वस्त्यांत कोंडलेले राहिले. आमच्या वाचकांनी ह्यात आपले चित्र ओळखावे.

आता आपल्या घराकडे वळू. आम्ही शेतकरी, तेली, माळी, ढिवर, कुंभार, लोहार, बुरुड, आमचे काय झाले? आमची स्थिती मधल्या भावासारखी झाली. थोरल्याचा मान नाही आणि धाकट्याचे लाड नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात वर्ग क व ड च्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गाचे आरक्षण कित्येक वर्षे अवघे ६ टक्के होते. लोकांनी मोर्चे काढले, तेव्हा २०२१ साली सरकारने ते १७ टक्के ठरविले. चंद्रपुरात १९ टक्के केले. ह्या सबंध काळात शिकलेल्या कुणबी-तेल्याच्या पोराच्या मनात काय भरविले गेले? तर तुझा घास गोंडाने खाल्ला. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत आदिवासींचे प्रमाण १०० त जवळजवळ ३९ आहे. त्यांस त्यांचा वाटा मिळाला ह्यात अन्याय कोणता? अन्याय हा की नोकऱ्याच मूठभर ठेवल्या, आणि त्या मूठभर दाण्यांवर दोन भावांस सोडून दिले. चंद्रपूरचे वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. त्याची वीज सबंध राज्यास जाते आणि राख आमच्या इरईच्या काठी राहते. त्या राखेचा हिशेब कोणी मागू नये म्हणून टक्क्यांचे भांडण फार उपयोगी पडते.

कायद्याच्या रेघांनीही माणसे कशी तुटतात ते पाहावे. वनहक्काच्या कायद्यात आदिवासीस १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. इतर वननिवासीस मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, येथे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे १९३० चा कागद! मालगुजाराच्या गावात १९३० साली ज्याच्या नावे कागदच नव्हता त्या ढिवराने, बुरुडाने तो आणावा कोठून? आणि १९६४ नंतर आलेल्या बंगाल्यास तर ही पायरी चढताच येत नाही. नमशूद्र हा पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात नाही. एका आज्याचे दोन नातू, एक बंगालात राहिला त्यास दाखला, दुसरा मुलचेऱ्यास आला त्यास नाही. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिवती तालुक्यातील ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली, तेथे एकाच उंबऱ्यात दोन राज्यांच्या शिधापत्रिका सापडतात, आणि रेघ ओलांडली की माणसाची जातकुळी बदलते. तेव्हा "त्यांस सारे मिळाले" असे म्हणण्यापूर्वी कोणास काय मिळाले ते विचारून घ्यावे.

आता थोडे कडू बोलतो. वाचकांनी राग मानू नये. आम्ही ब्राह्मणेतर म्हणवितो. जोतीरावांनी आर्यभट बाहेरून आले व त्यांनी बळीच्या प्रजेस दास केले असे लिहिले. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील आपल्या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा तो सिद्धांत मान्य केला नाही. पंडितांचा वाद पंडित करोत. पण दोघांच्याही लेखणीचा रोख बाहेरून येण्यावर नव्हता. रोख होता तो दुसऱ्याच्या अज्ञानावर जगण्यावर, त्याच्या मुलास शाळेबाहेर ठेवण्यावर, त्याच्या शेतावर आपला कागद चढविण्यावर. मग आम्ही आरशात पाहावे. आमच्यातलेच काही पाटील, काही दुकानदार, गोंडाच्या शेतास बटईच्या नावाने धरून बसले नाहीत काय? दहा पायली धान उसने देऊन सुगीला वीस पायली कोणी मोजून घेतले? आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर आदिवासीस घेता येत नाही, म्हणून घरच्या आदिवासी गड्याच्या नावावर ती कोणी घेतली? जो भटशाहीस शिव्या देतो आणि टोल्यावर जाऊन स्वतः भटशाही करतो, त्यास सत्यशोधक म्हणता येत नाही.

आम्ही शाळामास्तरही ह्या दोषातून सुटलो नाही. आमच्या वर्गात चार घरच्या चार भाषा आहेत: कोणाची मराठी, कोणाची तेलुगू, कोणाची बंगाली, कोणाची माडिया. पुस्तक एकाच भाषेचे. एका माडिया पोरास आम्ही दोन वर्षे मंद समजत होतो. एके दिवशी त्याच्याच भाषेत, मोहाच्या टोपल्यांचा हिशेब म्हणून तीच बेरीज विचारली, तर त्याने आमच्याआधी उत्तर दिले. त्या दिवशी खाली मान घालून आम्ही घरी आलो. हे पोर मागे राहिले असते, आणि वीस वर्षांनी कोणीतरी म्हणाले असते की मुळचे लोक असेच!

आणखी एक गोष्ट. दर वर्षी धान निघाले की ह्या दोन्ही जिल्ह्यांतून हजारो माणसे, बायका-पोरांसुद्धा, टेम्पोत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्यांत कुणबी आहे, ढिवर आहे, बौद्ध आहे, गोंड आहे. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे तिकडे अडकली. काही नदी ओलांडून, काही रानवाटेने पायी आली. तिकडे ती शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली राहतात, तिकडची भाषा त्यांस कळत नाही, आणि भाव मोडल्याची तक्रार तिकडचा मजूर त्यांच्या नावाने करतो. म्हणजे तिकडे आपणच उपरे! आपल्या बहिणीस तिकडे जसे वागवावे असे आपणास वाटते, तसेच घुग्घुसला आलेल्या छत्तीसगडी बाईस आपण वागविले पाहिजे. ह्याहून सोपा न्याय आम्हास ठाऊक नाही.

मग करावे काय? उपदेश पुष्कळ झाला, कामाचे सांगतो.

पहिले, मोजा. भांडण्यापूर्वी मोजा. प्रत्येक गावातील शिकलेल्या पोरांनी एक वही करावी आणि प्रत्येक वस्तीतील वीस वीस घरे लिहून काढावीत: जमीन किती, ती कोणाच्या नावे, पाणी आहे की नाही, कर्ज कोणाचे व कोणत्या व्याजाने, मुले कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली, मुलीचे लग्न कितव्या वर्षी झाले. पाण्याखालच्या घराची तुलना पाण्याखालच्या घराशी करावी, कोरडवाहूची कोरडवाहूशी. वही पुरी झाली की ग्रामसभेत वाचावी. आमची खात्री आहे की जातीच्या रकान्यापेक्षा पट्ट्याच्या, पाण्याच्या आणि व्याजाच्या रकान्यात फरक अधिक दिसेल.

दुसरे, कागद करा. वनहक्काच्या दाव्यास नुसते सरकारी दप्तरच लागते असे नाही. गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरण्याची तरतूद नियमांत आहे. आपल्या गावची सत्तर-ऐंशी वर्षांची माणसे अजून आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. ती गेली की तो पुरावा सरणावर जातो.

तिसरे, गोंडाची, कोलामाची जमीन कोणत्याही नावाने घेऊ नका, आणि आपली विकू नका. पोर शिकवायला पैसा हवा तर बचतगटातून काढा. सावकाराच्या वहीत नाव घालू नका.

चवथे, तळ्याचे. ज्या गावापासून हा लेख सुरू झाला तेथील दोन्ही बाजूंस आमचे हात जोडून सांगणे आहे. तळ्यावर पहिला हक्क ढिवराचा. ती त्याची वहिवाट व त्याचे पोट आहे. पण मत्स्यबीज कसे वाढवावे, कोणते केव्हा सोडावे, ही विद्या वसाहतीतल्या माणसास येते. ठेका ढिवरांच्या संस्थेने घ्यावा, भांडवलाची उणीव बंगाली भावाने भागीने भरावी, आणि वाटा कागदावर लिहून घ्यावा. एकाचे तळे, दुसऱ्याची विद्या. बाजारात मासोळी विकली जाते तेव्हा तिची जात कोणी विचारीत नाही.

कोहळ्यास गोंड राजाने तलाव बांधायला बोलाविले तेव्हा तो उपराच होता. आज त्या तलावाचे पाणी गोंडाच्या, कुणब्याच्या आणि कोहळ्याच्या बांधीत सारखेच जाते. पाळ फुटली तर तिघांचेही धान वाहून जाते, आणि ती पाळ बांधायला तिघांनाही कुदळ घ्यावी लागते. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावची पाळ पाहून घ्या.